प्राणहितेच्या खोऱ्यातील प्राणवायूचा इतिहास

वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांचा संगम झाला म्हणजे पुढच्या प्रवाहास प्राणहिता असे नाव मिळते. प्राणास हितकर ती प्राणहिता. हे नाव ज्याने ठेवले त्याच्या मनात तहान भागविणारे पाणी असेल, शेतीस लागणारा गाळ असेल. परंतु याच नदीच्या खोऱ्यातील दगडधोंडे प्राणवायूच्या पुरातन इतिहासाचे साक्षीदार ठरतील, अशी कल्पना त्याला असणे शक्य नव्हते. आज त्याच साक्षीदारांची जबानी आपण ऐकणार आहोत.

या नदीच्या पश्चिमेकडील रानात बेज्जूर नावाचे गाव आहे. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. २०१६ साली तेलंगणात जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. नदी ओलांडली की आपला गडचिरोली जिल्हा. राज्यांच्या सीमा या भागात पुष्कळदा हालल्या आहेत. राजुरा आणि किनवट हे आजचे महाराष्ट्रातील तालुके १९५६ पर्यंत आदिलाबादचेच होते. त्यामुळे बाजाराच्या दिवशी तेलुगू, मराठी, गोंडी या तिन्ही भाषा एका झाडाखाली ऐकू येतात आणि त्यात कोणास नवल वाटत नाही. गोंडांच्या या मुलुखावरूनच भूस्तरशास्त्रज्ञ मेडलिकॉट यांनी १८७२ साली येथील कोळसा व वालुकाश्म असलेल्या थरांना ‘गोंडवन’ हे नाव योजिले, आणि पुढे दक्षिण गोलार्धातील एका लुप्त महाखंडालाही तेच नाव मिळाले. दूरदेशीच्या विद्यार्थ्यांना गोंड कोण हे ठाऊक नसते, पण गोंडवन हा शब्द त्यांना पाठ असतो.

आता प्रश्न असा, की वायूचा इतिहास लिहावयाचा कसा? राजाचा इतिहास ताम्रपटावरून लिहिता येतो, प्राण्याचा हाडांवरून. वायूला ना हाड, ना अक्षर. तेव्हा वायूने ज्या ज्या वस्तूंना स्पर्श केला त्या वस्तूंकडेच चौकशी करावी लागते. बेज्जूरच्या परिसरात अशी चौकशी ज्याने प्रथम नेटाने केली, तो मनुष्य नागपूरचा होता. निदान नागपूरने त्याला आपला मानले.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे धर्मोपदेशक १८४५ साली नागपुरास आले. त्यांनी शाळा काढली, मराठी आत्मसात केली, गोंडांच्या लिंगो देवाचे गीत टिपून ठेवले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच स्मरणार्थ आहे. शाळेचे काम आटोपून उरलेल्या वेळात ते व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर दगड गोळा करीत हिंडत. मी स्वतः शाळामास्तर असल्यामुळे मला याचे विशेष कौतुक वाटते. पेपर तपासून झाल्यावर डोंगर चढण्याची उमेद किती जणांत उरते? या दोघांच्या प्रयत्नांतून नागपूर, चांदा आणि थेट प्राणहितेच्या दक्षिण टोकापर्यंतचे जीवाश्म युरोपातील पंडितांपर्यंत पोहोचले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना रात्री पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाले. त्यांचे वनवासी जमातींविषयीचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले.

त्यांनी मिळविलेल्या वस्तूंपैकी एक वस्तू आपल्या विषयाच्या दृष्टीने अमोल आहे. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात मालेरी नावाचे एक खेडे आहे. जुन्या लिखाणात त्याचा उल्लेख मालेडी असाही येतो. तेथील तांबड्या मातकट थरांत काही चपटे, पंख्यासारखे, कंगोरे असलेले दात सापडले. भारतीय भूस्तर सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ साली या दातांचे वर्णन केले आणि त्या माशास सेराटोडस हिस्लोपिआनस असे नाव दिले. एका जातीस हंटर यांचेही नाव मिळाले. सेराटोडस हे कुलनाम स्विस पंडित आगासिझ यांनी युरोपात सापडलेल्या तशाच दातांवरून आधीच योजिलेले होते. दात एवढाच पुरावा. मासा कसा दिसत होता, कसा जगत होता, याविषयी सारा तर्क.

आणि मग १८७० साली एक मौजेची गोष्ट घडली. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या संग्रहालयाचे क्रेफ्ट नावाचे अधिकारी होते. क्वीन्सलँडमधील नद्यांत एक मोठा, जाड खवल्यांचा मासा मिळतो आणि वसाहतवाले तो आवडीने खातात, असे विल्यम फॉर्स्टर नावाचे गृहस्थ त्यांना सांगत असत. परंतु क्रेफ्ट यांना ते फारसे पटत नसे. शेवटी मासा हाती आला. त्याचा जबडा उघडून पाहतात तो आत तेच पंख्यासारखे दात! कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाला असे समजला जाणारा मासा लोकांच्या ताटात वाढला जात होता. त्याला फॉर्स्टर यांचे नाव देण्यात आले.

हा फुप्फुसमीन होय. त्याला कल्ले आहेतच, पण एक फुप्फुसही आहे. एरवी तो कल्ल्यांनीच श्वास घेतो. पावसाने ओढ दिली, नदीचे डोह आटले, पाणी साचून कुजू लागले आणि त्यातील प्राणवायू संपत आला, म्हणजे इतर मासे उलथे पडतात. हा मात्र पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा ओढतो. मालेरीचे थर सुमारे २२ ते २३ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्या काळी येथे मगरीसारखे प्राणी होते, चोचीने कंद उकरणारे सरीसृप होते, आणि ऋतुमानाप्रमाणे भरणाऱ्या व आटणाऱ्या नद्या होत्या. नुसत्या दातांवरून पाण्यातील प्राणवायूचे माप काढता येणार नाही, हे मान्य. पण कुजक्या डोहात निभाव लागण्याची सोय अंगी असलेला मासा येथे सुखाने नांदत होता, एवढे निश्चित. शिवाय त्या मातीचा तांबडा रंग पाहा. तो लोहाचा गंज आहे. हवेत प्राणवायू भरपूर होता म्हणूनच तो गंज चढला. म्हणजे एकाच थरातील माती हवेविषयी बोलते आणि दात पाण्याविषयी बोलतो.

याच खोऱ्याने पुढे भारतास त्याचे सर्वांत ख्यातनाम डायनोसॉर दिले. सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्लीजवळ १९५८ ते १९६१ या काळात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या चमूने जे अजस्र सांगाडे उकरून काढले, त्या प्राण्यास १९७५ साली बारापासॉरस टागोराय असे नाव मिळाले. टागोरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष आणि बंगालीत ‘बडा पाय’, असा तो संयोग. परंतु डायनोसॉरांच्या मागे लागलो तर मूळ विषय राहून जाईल.

मूळ विषय फार जुना आहे. पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे धरले, तर त्यातील पूर्वार्ध जवळजवळ प्राणवायूविना गेला. त्या काळच्या समुद्रात लोह विरघळलेल्या रूपात होते. प्राणवायू नसला म्हणजे लोह पाण्यात मिठासारखे विरघळून राहू शकते. प्राणवायू मिळताच ते गंजाच्या रूपाने तळाशी बसते. विहिरीचे पाणी उपसताना स्वच्छ दिसते आणि घागरीत रात्रभर ठेवले की तळाला तांबूस साका धरतो, हा अनुभव कोकणात व विदर्भात अनेकांना असेल. समुद्राच्या तळाशी असा साका लक्षावधी वर्षे बसत गेला. एक थर लोहाचा, एक थर गारेचा, पुन्हा लोहाचा. या पट्टेदार दगडांतूनच जगातील बहुतेक मोठ्या लोहखाणी निर्माण झाल्या. गोव्याचे खनिज लोह या जातीचे, चंद्रपूर जिल्ह्यातील लोहाऱ्याचे या जातीचे, आणि प्राणहितेपलीकडे एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगराचेही याच जातीचे. आज त्या डोंगराविषयी जे वाद कानी येतात ते जमीन, जंगल आणि मजुरी यांचे आहेत, व ते लहान नाहीत. पण तो डोंगर म्हणजे एका श्वासहीन समुद्राचे गाठोडे आहे, हेही कोणीतरी तेथल्या मुलांना सांगावयास हवे.

हे लोह खाली बसविण्यास लागणारा प्राणवायू आला कोठून? निळ्या-हिरव्या शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांपासून. सूर्यप्रकाशाच्या बळावर पाणी फोडून त्यातील प्राणवायू मोकळा सोडण्याची युक्ती प्रथम त्यांना साधली. काही सूक्ष्मजंतू प्राणवायूवाचूनही लोह गंजवू शकतात, त्यामुळे प्रत्येक पट्ट्याचे श्रेय शेवाळास देता येत नाही, असे अलीकडचे रसायनशास्त्र बजावते. तथापि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू टिकू लागला, याविषयी आता फारसा मतभेद नाही.

लोहानंतर मँगनीज. मँगनीजला खाली बसविण्यास लोहापेक्षा अधिक प्रबळ प्राणवायू लागतो. म्हणून समुद्राची परीक्षा घेण्यास ते अधिक कठोर परीक्षक होय. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज खाणी सर्वांस ठाऊक आहेत. तेथील एका विशिष्ट मँगनीजयुक्त खडकास लुई फर्मोर या शास्त्रज्ञाने १९०९ साली ‘गोंडाइट’ हे नाव दिले, तेही गोंडांवरूनच. आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चुनखडीच्या थरांत मँगनीजचे पट्टे आहेत. हे थर ढोबळमानाने १०० कोटी वर्षांच्या आसपासचे. ज्या चुनखडीपासून आज राजुरा-गडचांदूर भागात सिमेंट तयार होते, तीही याच समूहातील. हे पट्टे बऱ्यापैकी खोल पाण्यात साचले, असे त्यांचा अभ्यास करणाऱ्या भूवैज्ञानिकांचे मत आहे. तसे असेल तर ज्या युगात जगातील खोल समुद्र बहुतांशी गुदमरलेले होते, असे आपण शिकतो, त्या युगात या समुद्राच्या खोल भागात निदान अधूनमधून प्राणवायू पोहोचत होता. समुद्र एकदम श्वास घेऊ लागला नाही. कोठे आधी, कोठे मागाहून, कोठे दोन पावले पुढे आणि एक मागे.

परंतु लोह आणि मँगनीज हे परिस्थितीजन्य पुरावे झाले. खुद्द प्राणवायूच कोणी पाहिला आहे काय? या प्रश्नाचे उत्तर चित्रकूटने दिले आहे, आणि त्यामागची हकीकत सांगण्यासारखी आहे.

१९९८ साली डेहराडूनच्या वाडिया संस्थेतील आर. जे. आझमी यांनी विंध्य पर्वताच्या खालच्या थरांत सूक्ष्म कवचे व नळ्यांसारखे जीवाश्म सापडल्याचे जाहीर केले. अशी कवचे सर्वत्र सुमारे ५४ कोटी वर्षांच्या खडकांत मिळतात. तेव्हा विंध्याचे हे थरही तेवढेच तरुण असले पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने मध्य प्रदेशातील चुरहट येथे १०० कोटी वर्षांपूर्वीच्या किड्यांच्या वाटा सापडल्याचा दावा केला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणे अवघड होते. मोठे वादळ उठले. आझमींना जीवाश्म सापडलेच नाहीत, इथपर्यंत लोकांची मजल गेली. २००२ साली या थरांतील ज्वालामुखीच्या राखेतून मिळालेल्या स्फटिकांचे वय १६० कोटी वर्षांहून थोडे अधिक निघाले. आता तर आझमींचा पक्ष पार कोसळला, असे वाटले. मग स्वीडनचे स्टेफान बेंग्टसन यांनी चित्रकूटचे नमुने स्वतः तपासले आणि २००९ साली निकाल दिला: जीवाश्म अस्सल आहेत, पण ते आझमी समजत होते त्याहून १०० कोटी वर्षांनी जुने आहेत. वादी आणि प्रतिवादी दोघेही अर्धे खरे. असा निकाल आमच्या तालुक्याच्या कोर्टात क्वचितच ऐकावयास मिळतो.

२०१७ साली बेंग्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रकूटच्या जानकीकुंड येथील नमुन्यांत तांबड्या शैवालासारखे तंतू असल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका जातीचे नाव राफाताझ्मिआ चित्रकूटेन्सिस. रफत आझमी हे नाव त्यात ओळखू येईल. ज्याची कुचेष्टा झाली त्याचे नाव दगडात कायम झाले, याचे मला व्यक्तिशः समाधान वाटते. त्याच खडकांत, शेवाळाच्या अश्मीभूत साईत, संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली: अतिसूक्ष्म, गोल, पोकळ बुडबुडे. तळ्याच्या काठी शेवाळावर ऊन पडले असता त्याच्या सायीत चमकणारे बुडबुडे आपण पाहतो. ते प्राणवायूचे असतात. चित्रकूटच्या उथळ समुद्रात तसेच बुडबुडे सायीत अडकले, आणि फॉस्फेटचे क्षार त्यांच्याभोवती इतक्या लवकर कठीण झाले की ते फुटलेच नाहीत. २०१८ साली हा शोध प्रसिद्ध झाला. बुडबुड्यातील वायू केव्हाच निघून गेला आहे. उरला आहे तो त्याचा साचा. क्षणभंगुरतेला बुडबुड्याची उपमा देणाऱ्या कवींना १६० कोटी वर्षे टिकलेला बुडबुडा दाखविला असता तर त्यांनी काय म्हटले असते, कोण जाणे.

प्राण्यांचे काय? मोठे शरीर पोसावयाचे तर प्राणवायू पुरेसा हवा. ऑस्ट्रेलियातील इडिआकारा टेकड्यांत १९४६ साली रेजिनाल्ड स्प्रिग यांना पानासारख्या चपट्या प्राण्यांचे ठसे दिसले. त्यांपैकी डिकिन्सोनिया हा प्राणी सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा. ना तोंड, ना कल्ले, रुंदीला वीतभर किंवा अधिक, पण जाडीला अगदी पातळ. सर्वांगाच्या त्वचेतूनच प्राणवायू शोषून घेत असावा, म्हणून हा पातळपणा, असा तर्क आहे. २०२१ साली हाच प्राणी भोपाळजवळ भीमबेटकाच्या एका गुहेच्या छतावर सापडल्याची बातमी जगभर झळकली. भीमबेटका हे नाव मराठी वाचकास परके नाही; विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली तेथील चित्रगुहा उजेडात आणल्या. इतकी वर्षे पंडितांच्या डोक्यावर हा जीवाश्म होता आणि कोणी वर पाहिले नाही, असे लिहिले गेले. दोन वर्षांनी अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट यांच्या चमूने पुन्हा जाऊन पाहिले, तेव्हा तो ठसा झिजून खाली येऊ लागलेला होता. खडक इतक्या लवकर झिजत नाही. ते मधमाश्यांचे जुने पोळे होते! मूळ दावा करणाऱ्या शास्त्रज्ञांनीही ते मान्य केले. वृत्तपत्रांत पहिली बातमी ठळक मथळ्याने आली, दुसरी पुष्कळांच्या नजरेतून निसटली. पोळे हे पोळेच निघाल्याने नुकसान एवढेच झाले, की विंध्याचे वरचे थर तरुण ठरविण्यास मिळालेला आधार गेला. ते थर १०० कोटी वर्षांच्या घरातले, हे मत पुन्हा बळावले.

हा सारा इतिहास गेलेल्या समुद्रांचा झाला. परंतु श्वास कोंडलेला समुद्र पाहावयास कोट्यवधी वर्षे मागे जाण्याची गरज नाही. आपल्या अरबी समुद्रात सुमारे दीडशे मीटर खोलीपासून हजार मीटरपर्यंत आणि त्याहूनही खाली, प्राणवायू अत्यंत कमी असलेल्या पाण्याचा प्रचंड थर आजही पसरलेला आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात त्यातील पाणी वर येऊन किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर चढते. वरून पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे हवेतील प्राणवायू खाली मिसळत नाही. तळाचे जीव कुजतात, आणि उरलासुरला प्राणवायूही संपतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००० साली दाखवून दिले, की ही स्थिती पूर्वीपेक्षा तीव्र होत असून शेतातून वाहून येणारी खते तिला हातभार लावीत असावीत. १९९९ च्या पावसाळ्यानंतर गोव्याच्या किनाऱ्याजवळ तळाच्या पाण्यात सडक्या अंड्याच्या वासाचा वायूही त्यांना आढळला. प्राणवायू पूर्णपणे संपल्यावाचून तो पाण्यात साचत नाही. तळाजवळची मासळी अशा वेळी ती जागा सोडून जाते, आणि गणपतीनंतर समुद्रात जाळे टाकणाऱ्या कोळ्याच्या हाती काय लागते, हे त्या अदृश्य थरावर अवलंबून राहते. पुढे वारे फिरतात, किनाऱ्याजवळचे प्रवाह उलटतात, आणि डिसेंबराच्या सुमारास तळाशी पुन्हा प्राणवायू पोहोचतो.